आधी डेड टाइम, मग मॅप

म्हापसा असो की मडगाव, ट्यूनिंग शिकायला आलेला मुलगा लॅपटॉप जोडला की थेट फ्युएल मॅप, म्हणजे इंजिनला केव्हा किती पेट्रोल द्यायचं ते कोष्टक, उघडतो. थांबा. आधी इंजेक्टरचा, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या झडपेचा, डेड टाइम बघा. माझे कितीतरी महिने या एकाच गोष्टीने खाल्लेत, म्हणून जरा पाल्हाळ लावतोय.

ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरने, करंट सोडला की इंजेक्टर लगेच उघडत नाही. कॉइलमध्ये चुंबकत्व तयार होऊन सुई उचलायला वेळ लागतो. बंद होतानाही उशीर होतो, पण तेवढा नाही. या दोन्हींतला फरक म्हणजे डेड टाइम, आणि ईसीयू तो प्रत्येक पल्समध्ये (इंजेक्टरला करंट मिळतो तेवढ्या वेळात) वरून मिळवतो. व्होल्टेज उतरलं की करंट सावकाश चढतो आणि डेड टाइम वाढतो. म्हणून तिथे एक आकडा नसतो, व्होल्टेजनुसार बदलणारा तक्ता असतो.

समजा आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) पल्स 2.4 मिलिसेकंद आहे आणि त्यात डेड टाइम 1.0. म्हणजे पेट्रोल पडतं 1.4 चं. हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटर फॅन एकदम लागले, व्होल्टेज 14 वरून 12 वर आलं, डेड टाइम 1.2 झाला, पण तक्त्यात ती वाढच नाही. आता पेट्रोल 1.2 चं, म्हणजे 14 टक्के कमी. फुल थ्रॉटलला पल्स 12 असेल तर हाच फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो. म्हणून गाडी हायवेला झक्कास पळते आणि पणजीत सिग्नलला आचके देते. मग लोक फ्युएल मॅपमधले आयडलचे आकडे वाढवत बसतात. रात्री लाइट लावून जुळवलेली गाडी सकाळी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

तपासायचं असं: इंजिन पूर्ण गरम करा, लॅम्डा करेक्शन (ईसीयू मिश्रण आपोआप दुरुस्त करतो ते) बंद ठेवा, वाइडबँड (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण, म्हणजे लॅम्डा, दाखवणारा मीटर) बघत एकेक लाइट, ब्लोअर लावा. एसी नको, कॉम्प्रेसर इंजिनवरच भार टाकतो. लॅम्डा सरकला की आधी तक्त्यावर संशय घ्या.

आपल्याकडे अजून एक भानगड. किनाऱ्यालगतच्या गाड्यांचे वायरिंगचे कपलर उघडले की पिनांवर हिरवट थर दिसतो. ईसीयूला 13.8 दिसतंय, इंजेक्टरपाशी त्याहून कमी पोचतंय. इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पॉझिटिव्ह वायरवर मल्टिमीटर लावा. हे न करता तक्ता बदलणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

नेटवरून उचललेले तक्ते मला अजिबात पटत नाहीत. इंजेक्टर तोच असला तरी इंधनाचा दाब वेगळा असेल तर डेड टाइमही वेगळा. आणि ‘आयडलला थोडं रिच सोड, चालतं’ म्हणणाऱ्या उस्तादाकडून वायरिंग जरूर शिका, ट्यूनिंग नको.

सुरुवातीला हे सगळं डोक्यावरून जातं. घाबरू नका, डेटालॉग रोज वाचत राहिलात की बसतं. फक्त डेड टाइमच्या तक्त्यातल्या कमी व्होल्टेजच्या ओळी विसरू नका. स्टार्टर फिरताना व्होल्टेज 10 च्या आसपास, बॅटरी थकली असेल तर त्याहून खाली जातं. तिथले आकडे कमी पडले तर बाकी ट्यून कितीही चांगलं असो, गाडी स्टार्ट व्हायलाच रडते.