छोट्या देशाचं विशेष दल : श्रीलंकेने केलेल्या या चुका टाळा

कमांडोंवर मराठीत जे काही वाचायला मिळतं, त्यात धावलेले किलोमीटर, पाठीवरचं वजन आणि जंगलात खाल्लेले साप यांपलीकडे फारसं काही नसतं. निवड कठीण असते, हे खरंच. पण दल बिघडतं ते निवडीच्या मैदानावर नाही. ते बिघडतं मुख्यालयाच्या नकाशाच्या टेबलावर, पोलीस ठाण्यात आणि मंत्र्यांच्या दालनात. दीड-दोन कोटींच्या देशाकडे असे जवान मोजकेच असतात, आणि एकेकाला घडवायला वर्षं जातात. श्रीलंकेने तमिळ वाघांशी (एलटीटीई) झालेल्या १९८३ ते २००९ या युद्धात जवळपास सगळ्या चुका करून पाहिल्या, काही वेळेवर दुरुस्तही केल्या. म्हणून उदाहरण तिचंच घेतो.

एकाच धोक्यासाठी दल बांधणं

श्रीलंकेची कमांडो तुकडी १९८० मध्ये उभी राहिली ती विमान अपहरणाच्या भीतीपोटी. प्रशिक्षण एसएएस या ब्रिटिश विशेष दलाच्या धर्तीवर. तीनच वर्षांत युद्ध पेटलं, आणि ते पेटलं उत्तर-पूर्वेच्या जंगलात. विमानाचा दरवाजा फोडून आत घुसणं ही एक कला, आणि काट्याकुट्यात आठवडाभर कुणाला चाहूल न लागू देता माग काढणं ही अगदी दुसरी.

मग तहान लागल्यावर विहीर खणणं आलंच. १९८४ मध्ये पोलिसांचा स्पेशल टास्क फोर्स उभा राहिला. त्याला शिकवायला केएमएस या खासगी कंपनीतर्फे माजी एसएएस सैनिक आणले. १९८५ मध्ये लष्कराने माग काढणाऱ्यांची एक छोटी टोळी वेगळी काढली. मेजर गामिनी हेट्टियाराच्ची आणि कॅप्टन राज विजयसिरी हे तिचे शिल्पकार. त्याच टोळीची पुढे स्पेशल फोर्सेस रेजिमेंट झाली आणि मादुरू ओया हे तिचं प्रशिक्षणाचं घर. म्हणजे पाच वर्षांत तीन दलं, त्यातली दोन लष्कराची आणि एक पोलिसांचं.

उपाय सांगायला सोपा आहे: मूळ प्रशिक्षण सगळ्यांचं एकच ठेवा आणि ओलीस सोडवणं, जंगल, समुद्र हे विशेष अभ्यासक्रम त्यावर चढवा. धोका बदलला की वरचा मजला बदलता येतो.

अडलं की धाडा कमांडो

ही सर्वांत जुनी चूक, आणि आजही जगभर होते. १८ जुलै १९९६ च्या पहाटे तमिळ वाघांनी मुल्लैतिवूच्या लष्करी तळावर जमीन आणि समुद्र अशा दोन्हीकडून हल्ला चढवला. तळ वेढला गेल्यावर मदतीला कोण? स्पेशल फोर्सेस. लेफ्टनंट कर्नल फझली लाफीर यांच्या नेतृत्वाखाली जवान हेलिकॉप्टरने तळाच्या दक्षिणेला, आलंपिलजवळ उतरवले. समोर हजारोंच्या संख्येने जय्यत तयारीत असलेला शत्रू होता, आणि यांच्या हातात पाठीवरून आणता येतील तेवढीच शस्त्रं. लाफीर तिथेच पडले. त्यांना परम वीर विभूषणय हा देशाचा सर्वोच्च शौर्य सन्मान मरणोत्तर मिळाला. तळ वाचला नाहीच. एकूण हजाराहून अधिक जवान गेले.

त्यांच्या शौर्याबद्दल कुणाला शंका असायचं कारण नाही. प्रश्न असा की वेढा फोडणं हे काम तोफा, चिलखती गाड्या आणि मोठ्या पायदळाचं. ते हाताशी नाही म्हणून सर्वांत महाग माणसं पुढे करणं हा निर्णय नव्हे, अगतिकता आहे. पुढे जयसिकुरुईसारख्या लांबलेल्या मोहिमांतही कमांडो आणि स्पेशल फोर्सेसचे जवान वारंवार आघाडीच्या रेषेवर खर्ची पडले.

आपण नाकं मुरडायचं कारण नाही. याच बेटावर ऑक्टोबर १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेने जाफना विद्यापीठाच्या मैदानावर १० पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान हेलिकॉप्टरने उतरवले. वाघांचा प्रमुख प्रभाकरन याला पकडायचा बेत होता. वाघांना आधीच सुगावा लागला होता. गोळीबार इतका, की शीखांची पहिली तीस जणांची तुकडी उतरल्यावर पुढच्या फेऱ्या होऊच शकल्या नाहीत. त्या तिसांपैकी एकच जिवंत राहिला, तोही कैदी म्हणून.

लक्षण ओळखायचं असेल तर मोहिमेच्या आदेशात एकच गोष्ट शोधा: ‘काम झाल्यावर परत कसं यायचं’ याचं उत्तर आहे का? ते नसेल, तर ती विशेष मोहीम नाही. तिथे कमांडरला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि म्हटल्यावर त्याची बदली होता कामा नये. कागदावर हे सगळीकडे असतं.

गुपित शत्रूपासून राखलं, आपल्यांना सांगायचं राहिलं

मला विचाराल तर श्रीलंकेची खरी घोडचूक मुल्लैतिवू नाही, अतुरुगिरिया आहे.

आधी तिथे उघडं पडलेल्या दलाचं काम कसं चालायचं ते पाहू. लष्कराच्या लांब पल्ल्याच्या टेहळणी गस्ती, म्हणजे एलआरआरपी. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे जण रात्री आघाडी ओलांडून वाघांच्या मुलुखात शिरायचे. पायवाट टाळायची, चूल पेटवायची नाही, कोरडा शिधा खायचा, मागे काही टाकायचं नाही. सोबत तमिळ बोलणारा, मुलूख पायाखालचा असलेला माणूस. बऱ्याचदा वाघांना किंवा दुसऱ्या तमिळ गटाला सोडून आलेला. ठरलेल्या रस्त्याकडेला क्लेमोर सुरुंग लावायचा. वजन दीड किलोच्या आसपास, आत सुमारे ७०० पोलादी गोळ्या. आणि मग वाट पाहायची. गाडी आली, स्फोट झाला, की आल्या वाटेने नव्हे, वेगळ्याच वाटेने परत. २००१ च्या सप्टेंबरमध्ये वाघांच्या हवाई शाखेचा संस्थापक शंकर असाच मारला गेला. वाघांनी ठपका या गस्तींवर ठेवला. सरकारने कानावर हात ठेवले. वाघांचे वरिष्ठ नेते मागच्या रस्त्यांवरही धास्तावून फिरू लागले, ही या मूठभर माणसांची कमाई.

डिसेंबर २००१ मध्ये कोलंबोत सत्ताबदल झाला. नवे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांच्या हत्येचा कट शिजतोय असा संशय घेऊन कँडीच्या पोलिसांनी २ जानेवारी २००२ ला राजधानीजवळच्या अतुरुगिरियातल्या मिलेनियम सिटी वसाहतीत एका घरावर छापा घातला. ते घर लष्करी गुप्तचर विभागाचं होतं. गस्तीचा अधिकारी आणि त्याची माणसं दहशतवादविरोधी कायद्याखाली कोठडीत गेली. शस्त्रं, वेश, माणसं, सगळं वर्तमानपत्रांत आलं. लष्करप्रमुख ‘ही आमची माणसं आहेत’ असं सांगत असतानाही त्यांना सोडायला दिवस लागले.

पुढच्या महिन्यात युद्धविराम झाला आणि वाघ शहरांत उघडपणे वावरू लागले. उघडे पडलेले खबरी आणि वाटाडे एकामागून एक टिपले गेले. मे २००५ मध्ये गुप्तचर अधिकारी मेजर तुआन निझाम मुतालिफ यांचीही कोलंबोत हत्या झाली. चौकशी आयोग बसला, पोलिसांवर ठपका आला. वरातीमागून घोडे.

दोष फक्त छापा घालणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा म्हणून सोडून देणं सोयीचं आहे. पण सत्ताबदलानंतर नव्या पंतप्रधानाला अशा दलाची माहिती कोणी आणि कधी द्यायची, याची पद्धत हवी होती. पोलिसांनी एखाद्या घरावर हात टाकण्याआधी एका नंबरवर फोन करून ‘हे तुमचं तर नाही ना?’ एवढं विचारण्याची सोय हवी होती. तो फोन उचलणारा अधिकारी चोवीस तास हवा, आणि त्याने उत्तर फक्त हो किंवा नाही एवढंच द्यायचं. खर्च जवळपास शून्य. लष्कराच्या आणि पोलिसांच्या दलांचे धनी वेगवेगळे असले की हे आधी करायचं, बाकीचं नंतर.

महागडी सामग्री आणली की झालं

समुद्रावर श्रीलंकेकडे इस्रायली बनावटीच्या वेगवान द्वोरा गस्ती नौका होत्या, तरी सागरी वाघांच्या, म्हणजे वाघांच्या नौदल शाखेच्या, लहान होड्यांचे थवे आणि आत्मघाती होड्या त्यांना पुरून उरायच्या. नौदलाचं विशेष पथक, स्पेशल बोट स्क्वाड्रन, १९९३ चं. खरा बदल २००५ नंतर झाला. अ‍ॅडमिरल वसंत करन्नागोडा यांनी थव्याला थवाच भिडवायचं ठरवलं. फायबरग्लासच्या छोट्या अ‍ॅरो बोटी नौदलाने स्वतःच बांधल्या, नव्या रॅपिड अ‍ॅक्शन बोट स्क्वाड्रनचे खलाशी घडवले आणि शत्रूची युक्ती शत्रूवर उलटवली. खरेदी समितीला असलं स्वस्त उत्तर सहसा आवडत नाही.

कौशल्य रेजिमेंटमध्ये कुलूपबंद ठेवणं

कमांडो झटपट घाऊक तयार होत नाहीत. पण त्यांची थोडी विद्या साध्या पायदळाला नक्की शिकवता येते. शेवटच्या टप्प्यात श्रीलंकेने तेच केलं: बटालियनमधूनच निवडक जवानांच्या छोट्या टोळ्या केल्या, त्यांना जंगलात राहणं, तोफांचा मारा मागवणं, जखमींना सांभाळणं शिकवलं. त्यामुळे अडलं की कमांडो ही सवय कमी झाली.

हिशेब न विचारणं

गुप्ततेच्या आड गुन्हा लपला की आधी गावकरी तुटतात, मग खबरी आटतात. डिसेंबर २००० मध्ये जाफन्यातल्या मिरुसुविल इथे आठ तमिळ नागरिकांची हत्या झाली, त्यात लहान मूलही होतं. लष्कराच्या एका स्टाफ सार्जंटला २०१५ मध्ये फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि मार्च २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी त्याला माफ केलं.

छोट्या देशाला याची किंमत रोखीत मोजावी लागते. त्याचं प्रशिक्षण, सराव आणि शांतिसेनेची कामगिरी परदेशांच्या मर्जीवर असते. युद्धातल्या आरोपांमुळे वादात असलेले शवेंद्र सिल्वा २०१९ मध्ये लष्करप्रमुख झाले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी अगदी आवश्यक तेवढे सोडून श्रीलंकन सैनिक शांतिसेनेत घेणं थांबवलं. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेने सिल्वा यांना प्रवेशबंदी केली.