फिकचे विसरणाचे नियम: सूत्र पाठ करण्याआधी आकडे मांडा

विसरण शिकवताना अत्तराच्या कुपीचं उदाहरण सर्रास दिलं जातं: कुपी उघडली की वास खोलीभर पसरतो. हे उदाहरण आधी डोक्यातून काढून टाका. हवेत अशा वाफेचा विसरण गुणांक (पदार्थ किती झपाट्याने पसरतो ते सांगणारा आकडा) सढळ हाताने सेकंदाला १० चौरस मिलिमीटर धरला, तरी निव्वळ विसरणाने ३ मीटर जायला सुमारे ५ दिवस लागतील. वास मिनिटाभरात येतो तो हवेच्या झुळकांमुळे. पाण्यात टाकलेल्या शाईच्या थेंबाचंही तेच: पाणी हलतं, म्हणून शाई इतक्या लवकर पसरते. हवा किंवा पाणी जागचं न हलता केवळ कणांच्या स्वैर हालचालींमुळे जी सरमिसळ होते, ती विसरण.

पहिला नियम सोपा आहे. अडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तो १८५५ साली मांडला, उष्णतावहनाचा फूरिएचा नियम (उष्णता तापमानाच्या उताराच्या प्रमाणात वाहते) समोर ठेवून.

अभिवाह = − विसरण गुणांक × संहतीचा उतार

दर सेकंदाला एक चौरस मीटरमधून पार होणारा पदार्थ म्हणजे अभिवाह. ठरावीक आकारमानात किती पदार्थ आहे ती संहती; तिच्यातला फरक भागिले अंतर म्हणजे उतार. फरक तोच ठेवून थराची जाडी निम्मी केली, की अभिवाह दुप्पट. उणे चिन्ह फक्त दिशा सांगतं: जास्त संहतीकडून कमीकडे. कणांना कमी गर्दीची ओढ असते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. प्रत्येक कण दोन्हीकडे सारख्याच शक्यतेने सरकतो. जिथे कण जास्त आहेत तिथून जास्त निघतात, एवढंच. गणित चुकतं ते बहुधा एककांत: संहती लिटरमध्ये आणि अंतर मीटरमध्ये घेतलं की उत्तर हजारपटीने फसतं.

खरी अडचण दुसऱ्या नियमाची. संहती वेळेनुसार किती झपाट्याने बदलते ते तो सांगतो, आणि हा बदल उतारावर नाही, तर उतार कसा बदलतो त्यावर ठरतो. नुसतं वाचून हे कळत नाही. कागदावर ओळीने पाच चौकटी आखा आणि त्यांत ०, ०, १००, ०, ० भरा. प्रत्येक फेरीत प्रत्येक चौकटीसाठी एकच हिशेब करा: दोन शेजाऱ्यांच्या बेरजेतून स्वतःची दुप्पट वजा करा, उरलेल्याला ०.२५ने गुणा आणि ते मूळ आकड्यात मिळवा. कागदाच्या कडेबाहेर शून्य समजा. पहिल्या फेरीनंतर ०, २५, ५०, २५, ० मिळेल, दुसरीनंतर ६.२५, २५, ३७.५, २५, ६.२५. बेरीज दोन्ही वेळा १०० आली पाहिजे. नाही आली, तर तुम्ही नवे आकडे जुन्यांत मिसळले आहेत. संपूर्ण फेरी जुन्या आकड्यांवरच करायची आणि उत्तरं नव्या ओळीत लिहायची.

तो ०.२५ म्हणजे विसरण गुणांक गुणिले कालखंड (एका फेरीत जाणारा वेळ), भागिले चौकटीच्या रुंदीचा वर्ग. तो ०.५च्या वर कधीही नेऊ नका. ०.६ घेतला तर पहिल्याच फेरीत मधल्या चौकटीत उणे २० येतात, आणि उणे संहती अशी काही चीजच नसते. संगणकावर हेच गणित मांडणारे कालखंड मोठा घेतात आणि मग दोष सूत्राला देतात.

आता ०, २५, ५०, ७५, १०० घ्या आणि दोन्ही टोकांचे आकडे गोठवून ठेवा. मधलं काहीच बदलत नाही. पण पदार्थ वाहतो आहेच, शंभराकडून शून्याकडे, एकसारखा. प्रत्येक चौकटीत जेवढा येतो तेवढाच बाहेर पडतो. "बदल नाही म्हणजे प्रवाह नाही" हा गैरसमज इथेच मोडून काढा. त्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

विसरणाने एखादं अंतर जायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज: अंतराचा वर्ग भागिले गुणांकाची दुप्पट. पाण्यातल्या साखरेचा गुणांक सेकंदाला सुमारे ०.०००५ चौरस मिलिमीटर. १ मिलिमीटरला १७ मिनिटं, १ सेंटिमीटरला २८ तास, १० सेंटिमीटरला ११६ दिवस.

पडताळा घ्यायचा तर परीक्षानळीत आगरची (समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाची) जेल बसवा. जिलेटिन नको, ते उबेने वितळतं. वर खाद्यरंगाचं दाट द्रावण ओता आणि नळी एकाच तापमानाला ठेवा. पाण्यात तापमान अंशभर वाढलं तरी गुणांक दोन-तीन टक्क्यांनी चढतो. १, ४, ९ आणि १६ तासांनी रंगाची कडा जेलमध्ये किती खाली उतरली ते मोजा. अंतरं १ : २ : ३ : ४ या प्रमाणात आली पाहिजेत. या मापांवरून थेट गुणांक काढू नका, कारण डोळ्याला दिसणारी कडा रंग किती गडद घेतला त्यावरही ठरते; प्रमाण मात्र त्याने बिघडत नाही. रंग दर तासाला सारखाच पुढे सरकताना दिसला, तर जेल काचेपासून सुटली आहे आणि द्रावण फटीतून खाली उतरतं आहे. ती नळी टाकून नवी भरा.