प्रचारातलं आश्वासन कागदावर कसं गाठायचं

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून मी गावात सोसायटीच्या ओट्यावर बसून लोकांना अर्ज लिहून देतो. सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारा प्रश्न एकच: "साहेब, कर्जमाफी म्हणाले होते, तिचं काय झालं?" त्याचं उत्तर आपलं आपण कसं शोधायचं, ते सांगतो.

आधी एक कळकळीची विनंती. भाषणावर विसंबून कर्ज थकवू नका. पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याज सवलतीमुळे तीन लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महायुतीच्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होती, म्हणून कितीतरी जणांनी हात आखडला. मग मार्च २०२५ च्या अखेरीस त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनीच ३१ मार्चच्या आत पैसे भरायला सांगितलं. तोवर घरातला पैसा दुसरीकडे गेलेला. सवलत गेली, नावापुढे थकबाकीदार लागलं आणि खरिपाला नवं कर्ज मिळेना. दिलेला शब्द फिरला की खरी झळ बसते ती ही, आणि ती शब्द देणाऱ्याला कधीच बसत नाही.

आता कामाला लागू. जाहीरनामा प्रचाराच्या दिवसांतच उतरवून ठेवा, पक्षाचा छापील आणि तुमच्या उमेदवाराचं पत्रकही. सभेतलं भाषण मोबाईलवर घेतलं असेल तर तारीख आणि गाव लिहून जपा. नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" हे पहिलं उत्तर असतं आणि "जाहीरनामा पाच वर्षांचा असतो" हे दुसरं. कोर्टात जाऊ म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. तेव्हा तो रस्ता सोडा.

सरकारात कुठलीही गोष्ट खरी व्हायला दोन कागद लागतात: शासन निर्णय आणि अर्थसंकल्पातली तरतूद. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार सापडतात. कर्जमाफी सहकार विभागाकडे, लाडकी बहीण महिला व बालविकास विभागाकडे. शासन निर्णय निघाला नसेल, तर मंत्र्यांनी मंचावरून काहीही सांगितलं तरी तुमच्या खात्यात काही येणार नाही.

तरतूद कशी वाचायची ते लाडक्या बहिणीवरून बघा. महिना १५०० चे २१०० करू असं आश्वासन होतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६,००० कोटी ठेवले. १५०० रुपयांनी एका बहिणीला वर्षाला १८,००० लागतात, म्हणजे ही रक्कम बरोबर दोन कोटी बहिणींना पुरते. २१०० ने वर्षाला २५,२०० होतात आणि तीच रक्कम जेमतेम १ कोटी ४३ लाख जणींना पुरते. लाभार्थी तेव्हा दोन कोटींच्या वर होत्या. म्हणजे त्या वर्षी २१०० द्यायचा विचारच नव्हता, हे १० मार्च २०२५ लाच, अर्थसंकल्प मांडला त्या दिवशी, आकड्यांत दिसत होतं. शेजारच्या काकूंना मी हा हिशेब पाटीवर मांडून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "मग पुढल्या महिन्याला, पुढल्या महिन्याला असं का सांगत होते?" मला अजून त्याचा राग येतो. वर्षाच्या मध्ये पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावरच्या जादा खर्चाच्या मागण्या येतात, त्याही बघत जा.

कागद सापडला नाही की माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. इथे लोक हमखास चुकतात. "कर्जमाफी का दिली नाही?" असं विचारलं तर जनमाहिती अधिकारी "ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं एका ओळीत लिहून मोकळा होतो. नोंदीत असलेला कागद मागा. असा: "कर्जमाफीबाबत नेमलेल्या समितीचा शासन निर्णय, कार्यकक्षा आणि आजवरच्या बैठकांची इतिवृत्ते यांच्या प्रती मिळाव्यात." तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, आणि तिथेही निभावलं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

मिळालेला कागद घेऊन आमदारांकडे जा आणि तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लावायला सांगा. प्रचारसभेतल्या शब्दाला कुणी विचारत नाही. सभागृहात मंत्री "करू" म्हणाले, तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जातं आणि विभागाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. आमदार सत्तेतले असतील तर टाळाटाळ होईल. मग विरोधी बाकावरच्या दुसऱ्या आमदारांकडे जा, मतदारसंघ आड येत नाही. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा आणि तो इतिवृत्तात चढला की नाही, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) स्वतः वाचून घ्या.

तारीख काढून घेण्यावर माझा फार भर असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रहार पक्षाच्या बच्चू कडूंच्या नेतृत्वाखाली शेतकरी नागपूरला धडकले, तेव्हा कुठे ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सरकारला बोलावं लागलं. "योग्य वेळी" या उत्तराला अर्ज करता येत नाही, तारखेला करता येतो.

आणि पुढच्या खेपेला उमेदवार दारात आला की मोघम प्रश्न विचारू नका. कोणत्या तारखेची थकबाकी धरणार, ते विचारा. २०१७ च्या माफीत ३० जून २०१६ ची थकबाकी आणि दीड लाखांची मर्यादा होती. २०१९ च्या योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ची आणि दोन लाखांची. तारखेच्या अलीकडचा तरला, पलीकडचा राहिला. नियमित फेडणाऱ्यांना काय देणार आणि कधी, हेही विचारा, कारण मागच्या वेळच्या पन्नास हजारांच्या प्रोत्साहनासाठी त्यांना २०२२ पर्यंत थांबावं लागलं. उत्तरं उमेदवाराच्याच पत्रकाच्या मागे लिहा, त्याच्यासमोर, आणि खाली सही मागा.