गेटवेवरून खासगी यॉटने मुंबईचा किनारा पाहायचा तर

गेटवे ऑफ इंडिया आणि ताजमहाल हॉटेल या दोन्ही वास्तू पूर्वेला, बंदराकडे तोंड करून उभ्या आहेत. समुद्रातून त्या पाहताना आपलं तोंड पश्चिमेला असतं. त्यामुळे दुपारी चारनंतर सूर्य त्यांच्या पाठीमागे जातो आणि आपल्या डोळ्यांवर येतो. गेटवेचा पिवळसर बेसाल्ट, ग्वाल्हेरहून आणलेल्या दगडी जाळ्या, ताजचा लाल घुमट यांतलं काहीच नीट दिसत नाही, उरतात त्या काळ्या बाह्यरेषा. तरीही सगळ्यात आधी भरतात त्या सूर्यास्ताच्या वेळाच, आणि जास्त पैसेही त्यांनाच पडतात.

म्हणून यॉट ठरवण्याआधी आपल्याला काय बघायचंय ते ठरवा. इमारती आणि त्यांचं कोरीव काम पाहायचं असेल, तर सकाळी साडेसात ते दहा. तेव्हा ऊन थेट दर्शनी भागावर पडतं, वाराही मवाळ असतो. दिवे लागलेला किनारा पाहायचा असेल, तर सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं महत्त्वाची. आकाश अजून निळं असतं आणि इमारतींवर दिवे आलेले असतात. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीअखेर पावणेसातच्या आसपास, मे महिन्यात सातनंतर. दीड तासाची फेरी असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी निघा, म्हणजे परतताना ती वीस मिनिटं बरोबर गेटवेसमोर सापडतील. अंधार पडल्यावर किती वाजेपर्यंत पाण्यात राहता येईल हे प्रत्येक बोटीच्या परवानगीवर अवलंबून असतं, ते आधीच विचारा.

महिने सांगायचे तर नोव्हेंबर आणि फेब्रुवारी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकं असतं. तेव्हा किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरवर राहिलात तर ठीक, त्यापुढे सगळं राखाडी. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, म्हणजे पावसाळ्यात, गेटवेवरची बहुतेक प्रवासी वाहतूक बंद असते. त्या काळात कुणी 'स्पेशल' फेरी देऊ केली तर सरळ नाही म्हणा.

भरतीचं गणित

बहुतेक लोक हे पाहतच नाहीत आणि मग पायऱ्यांवर अडकतात. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो, मोठं उधाण असेल तर चारच्याही वर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हाच फरक दीड मीटरवर येतो. पूर्ण ओहोटीला गेटवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्या शेवाळलेल्या असतात आणि होडी पार खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथून चढवणं-उतरवणं हे जोखमीचंच काम.

वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब पुरतो. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. सप्तमीला सात पाऊण सव्वापाच, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरली की सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. दोन्ही पक्षांना हेच लागू. दिवसातून दोनदा भरती येते आणि प्रत्येक भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशेबात पाऊण-एक तासाचा फरक धरून चाला. नेमकी वेळ अपोलो बंदरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते.

याचा अर्थ असा, की पौर्णिमेच्या संध्याकाळी चंद्रोदय पाहायला निघालात तर सहा वाजता पूर्ण ओहोटी असणार. दृश्य छान, पायऱ्या वाईट. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर संध्याकाळच्या फेरीसाठी अष्टमी-नवमी गाठा. पाणी वर असतं, प्रवाहही मंद. सकाळच्या फेरीला एकादशी-द्वादशी बरी पडते. उधाणाच्या ओहोटीत बंदरातलं पाणी दक्षिणेला दोन नॉटच्या (ताशी पावणेचार किलोमीटरच्या) वेगाने, कधी त्याहूनही जोरात ओढतं. शिडाची बोट चार-पाच नॉटने चालते. तेव्हा जाताना झटकन पोचलेला माणूस परतताना अर्धा तास एकाच जागी असल्यासारखा वाटतो. अशा दिवशी आधी प्रवाहाविरुद्ध जायचं आणि प्रवाहाबरोबर परतायचं, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, तसं सांगून ठेवा.

बोट कोणती

शिडाची छोटी यॉट सहा-आठ जणांना पुरते. इंजिनाचा आवाज नाही, इमारतींकडे शांतपणे बघता येतं, पैसेही कमी. पण ती वाऱ्यावर कलते. पहिल्यांदा बसणाऱ्यांना भीती वाटते. खरं तर खाली जड कील, म्हणजे बोटीला तोलून धरणारा तळाचा कणा, असते, थोडं कलणं हे तिचं नेहमीचं चालणं आहे. वारा पडला तर इंजिन लावावंच लागतं. मोटर यॉट दहा-बारा नॉटने जाते, सावली असते, शौचालय असतं. तिचा खर्च मुख्यतः डिझेलचा, म्हणून 'लांब जाऊ' म्हटलं की दर वाढतो. कॅटमरान दोन सांगाड्यांवर उभी असल्याने कमी डुलते, ज्येष्ठांसाठी हीच निवडा. केवळ गेटवे ते ससून डॉक हा किनारा पाहायला मोटर यॉटची गरज नाही. ज्यांना वाढदिवसाचा केक आणि स्पीकर हवा आहे त्यांची गोष्ट वेगळी.

पैसे देण्याआधी हे लेखी घ्या: घड्याळ कधी सुरू होतं, ठरलेल्या वेळेला की बोटीवर पाय ठेवल्यावर, धक्क्यापासून यॉटपर्यंतच्या छोट्या होडीचे पैसे धरले आहेत का, कर, इंधन आणि खलाशी त्यात आले का, हवामानामुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, आणि चढायचं नेमकं कुठून. गेटवेला एकाहून अधिक जेट्ट्या आहेत आणि रेडिओ क्लबजवळ नव्या जेट्टीचं काम २०२५ मध्ये सुरू झालं आहे. जेट्टीचा क्रमांक हातात नसेल तर गर्दीत वीस मिनिटं सहज जातात.

क्षमतेबाबत अजिबात तडजोड नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. लाँचवर परवान्यापेक्षा जास्त माणसं होती. यॉटवर क्षमता आठची असेल तर आठच, आणि कडेवरचं मूलही त्यात मोजायचं. नोंदणी आणि सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र, विमा, तांडेलाचा परवाना यांचे फोटो मागायला संकोच करू नका. प्रामाणिक चालक लगेच पाठवतो. मुलांचं वय आणि वजन आधी कळवा. मोठ्यांचं लाइफ जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. जॅकेट घातल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या.

किती वेळात काय दिसतं

जाहिरातीत वांद्रे-वरळी सागरी सेतूचा फोटो असला, तरी गेटवेच्या फेरीत तो दिसत नाही. तो शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. मरीन ड्राइव्हचंही तेच. तिथे जायला कुलाब्याचं टोक आणि १८७५ चं प्राँग्ज दीपगृह वळसा घालून ओलांडावं लागतं. दीपगृहाभोवती खडक आहेत, म्हणून वळण लांबून घ्यावं लागतं, आणि तिथून पुढे उघड्या समुद्राच्या लाटा लागतात. मरीन ड्राइव्हपर्यंत एका बाजूचं अंतर बारा किलोमीटरच्या घरात. शिडाच्या बोटीला ते दोन तासांत जाऊन-येऊन जमणारं नाही.

एका तासात गेटवेसमोरून दक्षिणेला ससून डॉकपर्यंत जाऊन परतता येतं, आणि एवढं अंतर शांतपणे पाहिलं तर तास पुरतो. जाताना किनारा उजव्या हाताला, येताना डाव्या. सुरुवातीलाच तांडेलाला गेटवेपासून तीन-चारशे मीटरवर थांबायला सांगा. तिथून गेटवे आणि ताज एकाच चौकटीत बसतात. जॉर्ज विटेटने आखलेली ही २६ मीटर उंचीची कमान डिसेंबर १९२४ मध्ये खुली झाली. ताज त्याच्या एकवीस वर्षं आधीचं, डिसेंबर १९०३ चं. म्हणजे हॉटेल उभं राहिलं तेव्हा समोर कमान नव्हती, नुसता पालवा (अपोलो) बंदराचा धक्का. ताज चुकून उलटं बांधलं गेलं आणि वास्तुरचनाकाराने जीव दिला, ही गोष्ट बोटीवर हमखास ऐकायला मिळते. ती दंतकथा आहे. मूळ आराखड्याचं काम रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं, पुढे ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. शेजारचा उंच मनोरा १९७० च्या दशकातला, तो कोणता ते सांगावं लागत नाही. पुढे जुन्या इमारतींची ओळ, रेडिओ क्लब आणि मग ससून डॉक. १८७५ मध्ये बांधलेलं हे मासळीचं बंदर सकाळी सगळ्यात जिवंत असतं. वास येतो, तो यायचाच.

दोन तास असतील तर उत्तरेला वळा. नौदल गोदी डाव्या हाताला येते. इथे कॅमेरे आणि फोन खाली ठेवायचे, युद्धनौका कितीही जवळ दिसली तरी. खलाशी सांगतील तेव्हा ऐका, गस्ती बोटी लक्ष ठेवून असतात. ड्रोन तर घरीच ठेवा. मिडल ग्राउंड हे नौदलाचं छोटं बेट लांबून पाहता येतं, उतरता येत नाही. त्यापलीकडे जवाहर द्वीप, जिथे तेलवाहू जहाजं लागतात, तिथेही जवळ जायला मनाई आहे. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला अटल सेतूची रेषा दिसते. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल इतका आडवा पसरलाय, की तो दुरूनच बरा दिसतो. त्याच्याजवळ जाण्यात वेळ घालवू नका.

घारापुरीची लेणी मात्र खासगी यॉटमध्ये बसवायच्या भानगडीत पडू नका. अंतर दहा-अकरा किलोमीटर, वर पायऱ्या, आणि लेणी पाहायला दीड-दोन तास. तेवढा वेळ यॉटचं भाडं चालू राहतं. त्यासाठी साधी लाँच बरी, फक्त सोमवारी लेणी बंद असतात हे ध्यानात असू द्या.

चढताना, बोटीवर, उतरताना

ठरलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी गेटवेला पोचा. आत जाताना सामानाची तपासणी होते आणि शनिवार-रविवारी रांग लांब असते. चार डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास कार्यक्रमांमुळे परिसर बंद ठेवला जातो, ते दिवस टाळा. लहान यॉटवर शौचालय नसतं किंवा वापरू देत नाहीत, तेव्हा आधीच जाऊन या.

यॉट बहुधा धक्क्याला लागत नाही. ती बोयाला, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते आणि छोटी होडी तिथवर नेते. होडी लाटेवर वर येते तेव्हा पाऊल टाका, खाली जात असताना नाही. उडी मारायची नाही. एक हात कायम खलाशाच्या किंवा दोरीच्या आधाराला हवा, म्हणजे दोन्ही हातांत पिशव्या नकोत. धक्का आणि होडी यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही घालू नका, बोटं तिथेच चेंगरतात. मऊ, पांढऱ्या तळाचे बूट किंवा पट्ट्याच्या सँडल चालतील. टाचांच्या चपला नकोत, आणि पायघोळ साडी किंवा घागरा पायात येतो.

शिडाच्या यॉटवर डोलकाठीला जोडलेली आडवी काठी दिशा बदलताना झपकन दुसऱ्या बाजूला जाते. तांडेल ओरडेल तेव्हा आधी डोकं खाली, प्रश्न नंतर. मळमळ होणाऱ्यांनी मधोमध किंवा मागे बसावं आणि क्षितिजाकडे पाहावं. फोनमध्ये डोकं घातलं की दहा मिनिटांत पोट ढवळतं. निघण्याआधी पोहे किंवा इडली पुरे, उपाशीही नको आणि वडापावही नको. औषध घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. आधीच मळमळायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग नसतो. हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांना गाठ्या टाकायची पद्धत पडली आहे. ते त्यांचं खाणं नाही, आणि थवा आला की डेकवर घाण होते ती वेगळीच. दारूचं म्हणाल तर राज्यात ती बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, बोटमालक काहीही म्हणोत.

उतरताना पाणी चढतानाच्या पातळीवर नसतं. दोन तासांत उधाणाला ते मीटरभर किंवा जास्त खाली गेलेलं असू शकतं, आणि चढताना कोरड्या असलेल्या पायऱ्यांऐवजी शेवाळाच्या पायऱ्या समोर येतात. ज्येष्ठांना आधी उतरवा, वर एक आणि खाली एक माणूस उभा करून. जॅकेट पायऱ्या चढून झाल्यावरच काढायचं. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक निघण्याआधीच साठवलेले असावेत, आणि बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर आणीबाणीसाठी चॅनल १६ लावलेलं आहे का, ते तांडेलाला निघतानाच विचारा.