लिमिटेड एडिशनची जुनी पोलो घेताय? या चुका टाळा

एप्रिल २०२२ मध्ये फोक्सवॅगनने भारतात पोलोला निरोप दिला. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीची शेवटची खास आवृत्ती म्हणजे 'लेजंड'. ७०० गाड्या, एक्स-शोरूम किंमत १०.२५ लाख. त्याआधी २०१६ च्या अखेरीस पोलो जीटीआय आली होती. ती थेट आयात केलेली, पहिली तुकडी ९९ गाड्यांची आणि किंमत २५.९९ लाख. या दोघींच्या मध्ये उभी आहे टर्बो पेट्रोल इंजिनाची जीटी टीएसआय. ती कधीच मर्यादित नव्हती, तरी तिच्यावर जीव टाकणारे आजही पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत भेटतात.

गाडी बंद झाली की चांगल्या ठेवलेल्या गाड्यांना भाव येतो. भाव आला की खोट्या गाड्याही बाजारात उतरतात. गेल्या काही वर्षांत मित्रांबरोबर अशा बऱ्याच गाड्या बघून झाल्या. त्यांत लोक पुन्हा पुन्हा कुठे फसतात ते लिहितो आहे, कारण एवढी सुंदर गाडी चुकीच्या पद्धतीने घेतली की तिच्याबद्दलचा आनंदच संपतो.

स्टिकर बघून पैसे देणे

सगळ्यात मोठी चूक हीच. लेजंड आणि साधी जीटी टीएसआय यांच्यात यांत्रिक फरक काहीच नाही. फेंडरवर आणि डिकीवर नाव, बाजूला ग्राफिक्स, डिकीवर काळी पट्टी आणि दारातल्या स्कफ प्लेट एवढंच वेगळं. यातली प्रत्येक वस्तू नंतर बसवता येते. चिंचवडला एक 'लेजंड' बघायला गेलो होतो. स्टिकर अगदी सरळ लावलेले, गाडी चकाचक. आरसी हातात घेतली तर उत्पादन वर्ष २०२०. लेजंड बाजारातच २०२२ साली आली, मग ही कुठून आली? विकणाऱ्याला बहुधा खरंच माहीत नव्हतं, त्यानेही कुणाकडून तरी विश्वासाने घेतली होती. मागत होता मात्र लेजंडची किंमत.

लेजंड ओळखताना आधी तीन गोष्टी बघा. वर्ष २०२२, इंजिन १.० लिटर तीन सिलिंडरचं टीएसआय, आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा ऑटोमॅटिक. मॅन्युअल लेजंड कुणी दाखवली, तर ती लेजंड नाही. एवढं साध्या जीटीतही जुळू शकतं, म्हणून मूळ खरेदीचं बिल आणि फॉर्म २१ (डीलरने दिलेला विक्रीचा दाखला) मागा. बिलावरचं व्हेरिअंटचं नाव आणि चॅसिस नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. बिल हरवलं असेल तर तोच चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि मालकाकरवी नोंदी काढून घ्या. तेही होत नसेल, तर साध्या जीटीची किंमत द्या, त्याच्या वर एक रुपया नाही.

जीटीआयची ओळख त्याहून सोपी. दारं मोजा. भारतात आलेली जीटीआय तीन दारांची होती आणि चाकणची पोलो पाच दारांची. पाच दारांच्या गाडीवर लाल पट्टीची जाळी आणि जीटीआयचा बिल्ला दिसला, तर ती हौस आहे. हौस म्हणून ठीकच, तिची किंमत मात्र द्यायची नाही.

हाच प्रकार फियाटच्या अबार्थ पुंटोबाबत चालतो. रांजणगावला बनलेली ही गाडी २०१५ मध्ये आली. १.४ टी-जेट इंजिन, १४५ बीएचपीची ताकद, विंचवाचा बिल्ला. विंचू कुणीही चिकटवू शकतो, पण अबार्थला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. मागे वाकून बघा. ड्रम दिसला की तिथूनच परत फिरा.

'टीएसआय म्हणजे डीएसजी' असं समजणे

या एका गैरसमजापायी माणसं दोन्ही बाजूंनी फसलेली पाहिली आहेत. २०१३ मध्ये आलेली जीटी टीएसआय १.२ लिटरची होती, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर, आणि तिला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये बीएस-६ नियमांबरोबर तिची जागा १.० लिटरच्या ११० पीएस इंजिनाने घेतली आणि गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा साधा ऑटोमॅटिक आला. म्हणजे लेजंडमध्ये डीएसजी नाही. 'डीएसजी आहे साहेब, म्हणून किंमत जास्त' असं कुणी म्हणालं, तर एक तर त्याला गाडी माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं त्याने धरलं आहे.

आता जुन्या १.२ कडे वळू, कारण खरा धोका तिथेच आहे. तिचा डीएसजी कोरड्या क्लचचा. त्यात एकापाठोपाठ एक काम करणारे दोन क्लच असतात आणि ते तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर तो इतक्या झटपट गिअर बदलतो की चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. रांगत्या ट्रॅफिकमध्ये मात्र क्लच अर्धवट पकडत-सोडत राहतो, तापतो आणि झिजतो. त्याच्या जोडीला मेकॅट्रॉनिक नावाचा भाग असतो. संगणक आणि हायड्रॉलिक झडपा यांचा हा एकत्र संच गिअरबॉक्सचा मेंदूच म्हणायचा. तो गेला की खर्च सहज लाखाच्या घरात जातो.

म्हणून रविवारी सकाळी सात वाजता रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं गाडी चालवून निर्णय घेऊ नका. थंड गिअरबॉक्स सगळ्यांचेच चांगले वाटतात. विकणाऱ्याला संध्याकाळची वेळ मागा. हिंजवडीच्या सुटायच्या वेळेचा ट्रॅफिक मिळाला तर उत्तमच. निदान अर्धा-पाऊण तास चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर होते का, डीमधून आरमध्ये टाकल्यावर गाडी उशिरा पकडते का, सोसायटीच्या तळघरातल्या उतारावरून रिव्हर्समध्ये वर चढवताना धक्के बसतात का, डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकतं का, हे सगळं बघा. यातलं एक जरी दिसलं तरी 'सॉफ्टवेअर अपडेट केलं की जातं' या बोलण्यावर जाऊ नका. आधी अपडेट करून दाखवा म्हणावं, मग बोलू.

रीमॅपबद्दल न विचारणे

टर्बो पेट्रोल गाडी शौकिनाच्या हातात पडली की ईसीयूचा रीमॅप, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं, होण्याची शक्यता मोठी. मी रीमॅपच्या विरोधात नाही. नीट केलेला, बिलासकट सांगितलेला रीमॅप मला लपवलेल्या रीमॅपपेक्षा कधीही चालेल. अडचण लपवण्याची आहे. विक्रीआधी मूळ फाइल परत टाकतात आणि गाडी 'फुल्ली स्टॉक' म्हणून दाखवतात. फाइल परत जाते, पण वाढीव टॉर्क सोसलेले क्लच आणि टर्बो तेच राहतात. जीटी टीएसआयचा डीएसजी २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आखलेला आहे आणि कंपनी त्याला १७५ देत होती. मधली जागा ही गिअरबॉक्सची उमर होती, ती कुणी आधीच खर्च केली आहे का हे तुम्हाला कळायला हवं.

खुणा राहतात. एअर फिल्टरच्या खोक्याचे स्क्रू घासलेले, डाउनपाइपच्या (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपच्या) नटांवर ताजे पान्याचे वण, वेगळ्या कंपनीचे स्पार्क प्लग, गुंडाळून ठेवलेला मूळ एक्झॉस्ट. आणि सरळ विचारा: 'स्टेज वन (पहिल्या पायरीचा रीमॅप) केला होता का? फाइल कधी काढली?' पुष्कळ लोक थेट विचारल्यावर खरं सांगतात, मोघम विचारलं तर टाळतात.

स्कॅनर घेऊन जाणारा मेकॅनिक सोबत असू द्या. त्याला फक्त एरर कोड बघायला सांगू नका, कारण कोड दोन मिनिटांत पुसता येतात. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्याच भागांच्या करते त्या चाचण्या, बघायला सांगा. कोड पुसले की या चाचण्या 'अपूर्ण' होतात आणि गाडी काही अंतर चालल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. रोज वापरातली म्हणून दाखवलेली गाडी आणि मॉनिटर अपूर्ण, याचा अर्थ कुणीतरी नुकतंच काही पुसलं आहे. बॅटरी काढली होती असं कारण मिळेल. मग दोन-तीन दिवसांनी परत या आणि पुन्हा बघा. स्कॅनवर जुन्या दोषांसोबत किलोमीटरचा आकडा नोंदलेला सापडला, तर तो मीटरशी ताडून बघा. मीटर ४२ हजार आणि दोषाची नोंद ७१ हजारांवर असेल, तर बोलणं तिथेच थांबवा.

पूर आणि अपघात

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरलं, तेव्हा उभ्या गाड्याही बुडाल्या. त्याआधीची गाडी असेल, तर ती त्या काळात कुठे होती हे सर्व्हिसच्या नोंदींवरून बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, हेही तपासा. अपघातासाठी बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला आहे का ते बघा, आणि इग्निशन चालू करताच एअरबॅगचा दिवा पेटून विझतो का याकडे लक्ष द्या. दिवा पेटलाच नाही, तरी संशय घ्या.

जीटीआयबाबत अपघाताचा मुद्दा आणखी गंभीर आहे. तिची लांब दारं, त्यांच्या काचा, मागची बाजू चाकणच्या गाडीशी जुळत नाही. साध्या पोलोचा सुटा भाग पेठेतल्या दुकानातही सापडतो, हिचा बाहेरून मागवावा लागतो. म्हणून 'बंपरचं किरकोळ काम आहे' असलेली जीटीआय घेण्याआधी तो बंपर मिळतो का आणि केवढ्याला, हे फोन करून विचारा आणि मगच भाव बोला.

विमा आणि कागद शेवटावर ढकलणे

शौकिनांच्या बाजारात लेजंडला तुम्ही जे जास्तीचे पैसे मोजता, ते विम्याच्या आयडीव्हीत (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत) येत नाहीत. विमा कंपनी त्या मॉडेलची किंमत धरते आणि घसारा वजा करते. गाडी चोरीला गेली तर स्टिकरचे पैसे परत मिळणार नाहीत, हे गृहीत धरूनच भाव ठरवा. बदललेला एक्झॉस्ट, रुंद चाकं, रीमॅप विमा कंपनीला कळवले नसतील, तर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं. रंग बदलला असेल तर आरसीवरही बदललेला हवा.

नोंदणी दुसऱ्या राज्याची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इथे पुन्हा भरावा लागणारा कर हिशेबात धरा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. थकलेली ई-चलनं गाडी बघायला जाण्याआधीच ऑनलाइन बघून ठेवा. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर हाय-सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही विचारा.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पैसे गेले, किल्ली आली, की विम्यावर नाव चढवायला १४ दिवस असतात. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरायची तयारी ठेवा. आणि दुसरी किल्ली त्याच दिवशी हातात घ्या. 'गावाला राहिली, नंतर पाठवतो' असं म्हणाले, तर नवी कोड केलेली किल्ली करायला लागणारे पैसे तिथल्या तिथे व्यवहारातून कापा.