अनोळखी घर, रात्रीची वेळ: होमस्टे सांभाळण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगर शहरातील आणि वेरूळ-खुलताबाद परिसरातील काही घरे मी मालकांच्या वतीने सांभाळतो. लेणी पाहायला आलेल्या पर्यटकांना आणि घृष्णेश्वराच्या दर्शनाला आलेल्या कुटुंबांना ती एक-दोन रात्रींसाठी भाड्याने दिली जातात. या कामात नव्याने येणारी मुले-मुली बुकिंग, दर आणि फोटो यांविषयी पुष्कळ विचारतात. रात्री दोन वाजता पाहुण्याचा फोन आला तर काय करायचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. भिंतीवर अग्निशामक आणि कपाटात प्रथमोपचार पेटी ठेवली की तयारी झाली, असा सर्वसाधारण समज असतो. खरी अडचण वेगळी आहे. स्वतःच्या घरात माणूस अंधारातही मेन स्विचपर्यंत पोहोचतो. पाहुण्याला जिन्याची शेवटची पायरी कोणती हेही ठाऊक नसते, आणि आपण त्या वेळी पंधरा-वीस किलोमीटरवर झोपलेले असतो. आपण पोहोचेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास पाहुण्याला एकट्याने निभावता यावा, या हिशेबाने घर लावावे लागते.

सुरुवात पत्त्यापासून करावी. पुण्याहून किंवा हैदराबादहून आलेला माणूस १०८ वर रुग्णवाहिका बोलावताना ‘वेरूळजवळ, शेतातले घर’ एवढेच सांगू शकतो, आणि तेवढ्यावर चालकाला घर सापडत नाही. म्हणून दाराच्या आतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत गाव, तालुका, गट क्रमांक, फाट्याचे नाव आणि फाट्यावरून कोणत्या खुणेपाशी वळायचे, हे मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहून लावावे. तुळजापूरकडे घरे सांभाळणार असाल तर कन्नड आणि तेलुगूही हवी. त्याच कागदावर ११२ आणि १०८ हे क्रमांक, आपला आणि शेजाऱ्याचा क्रमांक, तसेच जवळच्या रुग्णालयाचे नाव असावे. आमच्या भागात खुलताबादचे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, तर ‘घाटी’, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे मोठे शासकीय रुग्णालय, सुमारे तीस किलोमीटरवर. पण सुटीच्या दिवशी आणि श्रावणातल्या सोमवारी दौलताबादच्या वेशीपाशी वाहने अशी अडकतात, की तो हिशेब किलोमीटरमध्ये करण्यात अर्थ नाही.

गॅसविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण घरगुती सवयी येथेच नडतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. अशा वेळी दिव्याचे किंवा पंख्याचे बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर पडावे आणि १९०६ वर कळवावे, ही सूचना शेगडीच्या वर नव्हे, तर स्वयंपाकघराच्या दाराशी लावावी. अग्निशामकही तेथेच असावा. शेगडीच्या मागे टांगलेला अग्निशामक आग लागल्यावर हाती येत नाही. कढईतले तेल पेटल्यास पाणी न टाकता झाकण ठेवावे, हेही त्याच कागदावर लिहावे. याहून फसवा प्रकार गॅस गीझरचा. डिसेंबरात गार वारा नको म्हणून पाहुणे न्हाणीघराच्या झरोक्यात टॉवेल कोंबतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग असतो ना वास, आणि माणसाला ओरडण्याआधीच भोवळ येते. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर बसवलेला नसेल, तर ते घर सांभाळायला घेण्यापूर्वी मी मालकाकडे बदलाचा आग्रह धरतो. त्याचबरोबर न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घ्यावी. आत चक्कर आलेल्या आजीबाईंसाठी दार फोडत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

विजेच्या बाबतीत एमसीबी (जादा भार आल्यावर आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एमसीबी तारांचे रक्षण करतो. माणसाला लागणाऱ्या धक्क्यापासून वाचवण्यासाठी ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, लागतो, आणि त्याचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे लागते.

टँकरचे पाणी साठवणारे हौद आपल्याकडे घरोघरी आहेत आणि अंगणात खेळणाऱ्या परगावच्या मुलांना ते कोठे आहेत हे माहीत नसते. झाकण जड असून भागत नाही, त्याला कुलूप हवे. उन्हाळ्यात पाहुण्यांना गच्चीवर झोपण्याची हौस असते. कठडा छातीइतका उंच नसेल तर गच्चीचे दार बंद ठेवावे आणि त्यावरून होणारी नाराजी सोसावी. मे महिन्यात दुपारभर लेणी पाहून आलेल्या पाहुण्यांसाठी ओआरएसची पाकिटे समोर दिसतील अशी ठेवावीत.

पहिल्या पावसानंतर साप-विंचवांचा काळ सुरू होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप ओळखण्यासाठी किंवा मारण्यासाठी वेळ घालवू नये. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश फारसा दुखत नाही. म्हणून शेतातल्या घरी जादा पाहुण्यांना फरशीवर गाद्या घालून देण्याचे मी टाळतो. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, रुग्णाला चालवू नये. विंचवाच्या दंशाला मांत्रिक गाठण्याची प्रथा अजून गेलेली नाही. लाल विंचवाचे विष हृदयावर परिणाम करते आणि त्यावर प्राझोसिन हे औषध प्रभावी ठरते, हे मूळच्या जालना जिल्ह्यातील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी दाखवून दिले आहे. कोणत्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे, याची चौकशी जूनपूर्वीच करून ठेवावी.

जुन्या वाड्यांचे होमस्टे करण्याची लाट सध्या आहे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवद (मातीचे सपाट छत) पाहुण्यांना आवडतात, परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात झोपेतली माणसे अशाच बांधकामाखाली गाडली गेली. २०२४ मध्ये हिंगोली परिसरातही ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वाडा अभियंत्याला दाखवल्याशिवाय स्वीकारू नये, आणि पलंगाच्या डोक्याशी जड कपाट किंवा फळी ठेवू नये.

माणसांमुळे उद्भवणारे प्रसंग अधिक नाजूक असतात. प्रत्येक प्रौढ पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंद घ्यावी, मात्र मूळ पत्र अडकवून ठेवू नये. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवर भरावी लागते. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर हे वारंवार करावे लागते. कॅमेरा फक्त प्रवेशद्वारावर आणि पाहुण्यांना सांगून असावा. खोलीत कॅमेरा लावणे हा गुन्हा आहे, मालकाने सांगितले तरी. भांडण किंवा दारूचा गोंधळ असल्यास एकट्याने आत जाऊ नये. दुपारपर्यंत पाहुणा दार उघडत नसेल तर फोन करावा, हाका माराव्यात, शेजारच्या एखाद्या जबाबदार माणसाला सोबत घेऊन दुसऱ्या किल्लीने दार उघडावे. आत कोणी बेशुद्ध असल्यास आधी १०८. श्वास चालू नसल्यास मदत येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे, आणि त्याचे प्रशिक्षण आधीच घेतलेले असावे. मृत्यू उघड दिसत असेल तर कशालाही हात न लावता ११२ वर कळवावे. पंचनामा होईपर्यंत खोली झाडण्याचा मोह, विशेषतः संध्याकाळी दुसरे बुकिंग असताना, कटाक्षाने टाळावा. काय घडले ते वेळेसह वहीत त्याच दिवशी लिहावे. चार दिवसांनी लिहिलेले कोणी ग्राह्य धरत नाही.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी त्या घरात एक रात्र राहावे आणि मेन स्विच बंद करून कागदावरच्या सूचना टॉर्चच्या उजेडात वाचून पाहाव्यात. साफसफाई करणाऱ्या मावशींना अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे पाहायला शिकवावे आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. मालकाशी बोलताना पगाराइतकाच आणखी एक मुद्दा लेखी ठरवून घ्यावा: रात्री त्यांना न विचारता आपण किती रुपयांपर्यंत खर्च करू शकतो. गाडी ठरवणे, प्लंबर बोलावणे, पाहुण्यांना दुसऱ्या लॉजवर हलवणे, हे सारे त्या एका आकड्यावर अवलंबून असते, आणि तो आकडा द्यायला तयार नसलेल्या मालकाचे काम मी तरी घेत नाही.