वर्गात स्वमग्न मूल असेल तर चित्रांचं वेळापत्रक कसं बसवायचं

विशेष शिक्षिका म्हणून मी सोलापूर शहरातल्या आणि आसपासच्या शाळांत फिरते. वर्गात स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल आलं की शिक्षकांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो, "प्रेमाने घ्या, संयम ठेवा." या सल्ल्याने कुणाचंही काम सोपं झालेलं मी पाहिलेलं नाही. प्रेम आणि संयम बहुतेक शिक्षकांकडे असतोच. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. मूल ठोकळे रचण्यात रमलेलं असतं, घंटा होते, बाकीची मुलं उठून रांगेत जातात आणि हे मूल फरशीवर आडवं पडून किंचाळायला लागतं. दिवसभरातली बरीचशी रडारड अशी एका कामातून दुसऱ्या कामात जाताना होते. ही एक जागा सांभाळली तर शिकवणं सुरू होतं. म्हणून बाकीच्या पायऱ्या मी थोडक्यात उरकणार आहे आणि या जागेसाठीच्या पायरीवर, म्हणजे दिवसातली कामं क्रमाने दाखवणाऱ्या चित्रांच्या वेळापत्रकावर, सविस्तर बोलणार आहे.

पायरी १: कागदांसाठी अडून बसू नका

प्रवेशासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे २१ प्रकार दिले आहेत त्यांत स्वमग्नता आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्याकडे सोय नाही, दुसरी शाळा बघा" असं म्हणून मूल परत पाठवता येत नाही. पालकांनीही ते ऐकून परत जाऊ नये. नकार लेखी मागावा. लेखी द्यायची वेळ आली की सूर बदलतो.

प्रमाणपत्राचं काम शाळा चालू असतानाच करा. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणीला जायचं. तिथे स्वमग्नतेसाठीच्या भारतीय मोजपट्टीवर ४० मुद्द्यांची तपासणी होते आणि त्यावरून सौम्य, मध्यम, तीव्र असं ठरतं. तो आकडा सवलतींसाठी जपून ठेवा. वर्गात काय शिकवायचं हे त्यावरून कळत नाही, त्यामुळे "मध्यम आहे, म्हणजे याला वाचन जमणार नाही" असले निष्कर्ष काढू नका.

मुलाचं निदान झालेलं नसेल तर शिक्षकांनी ते स्वतः करू नये. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप शिक्षकांसाठीच आहे. त्यातली यादी भरा आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांना कळवा. पालकांना फक्त दिसलं ते सांगा: नावाने हाक मारली तर वळत नाही, खिडकीच्या गजावर बोटं फिरवत राहतो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. त्यापुढचं डॉक्टर सांगतील.

पायरी २: आईला पाच गोष्टी विचारा

कशाला घाबरतं, कशाने शांत होतं, काय खातं, लघवीला जायचंय हे कसं सांगतं आणि रस्त्याकडे पळतं का. पाचव्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी फाटकाच्या कडीची सोय करा, बाकी सगळं नंतर.

पायरी ३: जागा

दारापासून आणि घंटेपासून लांब, भिंतीच्या कडेला, रोज एकच जागा. कुरकुरणारा पंखा डोक्यावर नको. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात बसवू नका, सोलापूरचा उन्हाळा मोठ्यांना सोसत नाही.

पायरी ४: चित्रांचं वेळापत्रक

ही ती अवघड पायरी. मलाही सगळ्यांत जास्त झगडायला लावलं ते हिनेच.

यामागचं कारण साधं आहे. आपण तोंडाने सांगितलेलं त्याच क्षणी विरून जातं. यातल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं धरून ठेवणं जड जातं, पाहिलेलं मात्र नीट समजतं. चित्र समोर राहतं, मूल हवं तेव्हा वळून बघू शकतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७०च्या दशकापासून या पद्धतीवर काम झालं आहे. त्यासाठी महागडा संच मागवायची गरज नाही. मोबाइलवर काढलेले फोटो, लॅमिनेशन आणि नवी पेठेत मिळणारी वेलक्रोची पट्टी, एवढ्यात होतं.

बहुतेक शाळांत चुकतं ते इथून पुढे. कुणीतरी नेटवरून रंगीत कार्टून चित्रं उतरवतं, दिवसाच्या आठ तासिका एका ओळीत चिकटवतं, फळ्याशेजारी टांगतं आणि आठवड्याने म्हणतं, "केलं की आम्ही, काही फरक नाही पडला." टांगलेला तक्ता म्हणजे सजावट. तो वापरायला मुलाला शिकवावं लागतं, अक्षरं शिकवतो तसंच रोज.

आधी बघा, मुलाला काय समजतं. सगळ्यांनाच चित्र समजत नाही. एका मुलाला जेवणाचं चित्र दाखवलं की तो ते हातात घेऊन कडा चाटत बसायचा. त्याला त्याचीच स्टीलची ताटली हातात दिली, तर तो सरळ खिचडीच्या रांगेकडे निघाला. त्याचं वेळापत्रक वस्तूंचं होतं: परिपाठाला छोटी सतरंजी, अभ्यासाला पेन्सिलचा डबा, जेवणाला ताटली, घरी जायला दप्तराचा पट्टा. पुढे त्याच ताटलीचा फोटो आला, मग रेखाचित्र, मग शब्द. हा क्रम उलटा करता येत नाही. फोटोही त्याच शाळेतले हवेत. इंटरनेटवरच्या गोऱ्या मुलाच्या सँडविचवरून आपल्या पोराला खिचडी कळणार नाही.

सुरुवात दोनच कार्डांनी करा. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'मग'. आधी मणी ओवणं, मग झोपाळा. आधी मुलाला थोडं नकोसं, मग हवंसं. आणि कबूल केलेलं 'मग' लगेच द्या. मणी ओवून झाल्यावर "छान, आता अजून एक माळ कर" म्हणालात, तर उद्यापासून त्या कार्डावर मूल विश्वास ठेवणार नाही, आणि त्यात दोष मुलाचा नाही. दोन कार्डं अंगवळणी पडली की तीन, मग मधल्या सुट्टीपर्यंतची, मग पूर्ण दिवसाची. काही मुलं अर्ध्या दिवसाच्या पुढे जात नाहीत. ते चालतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कार्ड मुलाने स्वतः काढायचं. घंटेच्या थोडं आधी त्याला वेळापत्रकापाशी आणा. त्याच्या मागे उभे राहा, समोर नाही. त्याचा हात धरून कार्ड काढायला लावा, ते घेऊन त्या जागी चालत जा, तिथे तसंच दुसरं कार्ड लावलेलं असेल त्याला हे जोडा. हे सगळं होताना बोलू नका. "चला बाळा, उठा, बघ आता काय आहे, शाब्बास, चल चल" ही बडबड बंद. आपण बोलत राहिलो की मूल चित्राऐवजी आपल्या आवाजाची वाट बघायला शिकतं, आणि आपण नसलो की जागेवरून हलत नाही. मागे उभं राहायचं कारणही तेच: हळूहळू हात मनगटावर, मग कोपरावर, मग नुसता पाठीशी, मग आपण दोन पावलं लांब. आपली मदत अशी काढून घेता आली पाहिजे. शिक्षकांना गप्प राहणं सगळ्यांत जड जातं. पण या ठिकाणी मी कुणालाही सूट देत नाही.

झालेलं कार्ड ठेवायला वेळापत्रकाच्या खाली एक पिशवी लावा, तिच्यावर 'झालं'. कार्ड पिशवीत टाकणं म्हणजे ते काम संपणं. पिशवी नसली की ठोकळे संपले हे मुलाला कळायला मार्गच राहत नाही. "पाच मिनिटांत आवरा" याचा त्याला काही उपयोग नाही. वाळूचं घड्याळ किंवा मोबाइलवरचा कमी होत जाणारा रंगीत टायमर दाखवा.

दोन गोष्टी करू नका. शिक्षा म्हणून झोपाळ्याचं कार्ड काढून घेऊ नका. वेळापत्रक ही मुलाची दिशा आहे, बक्षिसाचा फळा नव्हे. आणि मूल शांत झालं म्हणून वेळापत्रक बंद करू नका. एका शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर "आता त्याला गरज नाही" म्हणून पट्टी काढून टाकली गेली. काही दिवसांत ते मूल पुन्हा फरशीवर होतं, आणि सगळे विचारत होते की हा अचानक असा का वागतोय. चष्मा लावून दिसायला लागलं म्हणून कुणी चष्मा काढून ठेवत नाही.

शेवटचं कार्ड 'बदल'चं. त्यावर एक ठळक खूण, समजा मोठा लाल त्रिकोण. रोजचं काहीतरी वेगळं होणार असेल त्या जागी ते लावायचं आणि शेजारी नवीन काय ते लावायचं. पहिले बदल मुद्दाम चांगले द्या: गणिताऐवजी मैदान. नंतर नावडते. सोलापुरात याची खरी परीक्षा जानेवारीत होते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सुट्ट्या लागतात, रस्ते बंद होतात, रिक्षा वेगळ्या वाटेने येते. कॅलेंडरवर त्या तारखांना आधीपासून ते चित्र चिकटवा आणि एक प्रत घरी द्या. यात्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला नेणार असाल तर गर्दीच्या आधी नेऊन जागा दाखवा. शोभेच्या दारूकामाला कान झाकायचे हेडफोन असल्याशिवाय नेऊ नका, मुलाने कान दाबले की लगेच परत फिरा.

पायरी ५: घरची भाषा सोडायला लावू नका

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, कुठे कन्नड, कुठे उर्दू, शाळेत मराठी. मूल बोलत नाही म्हटलं की कुणीतरी आईला सांगतं, "घरात फक्त मराठी बोला, नाहीतर इंग्रजीच बोला." विड्या वळता वळता पोराशी तेलुगूत बोलणारी आई मग बोलायचीच बंद होते. दोन भाषांत वाढल्याने स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात आढळलेलं नाही. आईने तिच्या भाषेत भरपूर बोलावं. कार्डावर चित्र असतं, ते दोन्हीकडे चालतं. शाळेतल्या कार्डांचा एक संच घरी द्या, मागच्या बाजूला घरचा शब्द लिहून.

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो. "याची सवय लागली तर बोलणारच नाही" ही भीती निराधार आहे. मागता यायला लागलं की रडणं कमी होतं.

पायरी ६: भडका उडालाच तर

बोलू नका, डोळ्यांत बघायला लावू नका, गोळा झालेली मुलं बाहेर न्या, डोक्याखाली दप्तर सरकवा, थांबा. कारण नंतर वहीत लिहा: किती वाजता, आधी काय चाललं होतं. महिन्याभराच्या नोंदी वाचल्या की बहुतेक वेळा एकच ठिकाण सापडतं.

पायरी ७: मदत कुठे मिळते

शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल आवर्जून दाखवा, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते पुढच्या तपासणीला पाठवू शकतात. सिकंदराबादची एनआयईपीआयडी ही बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था सोलापूरकरांना रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. सविस्तर तपासणी आणि घरी करायचा कार्यक्रम लिहून घ्यायला एकदा जरूर जा. पण दर आठवड्याला पुण्याला थेरपीसाठी पळण्यात नोकरी आणि मूल दोन्ही थकवू नका. आठवड्यातून एक तास थेरपी आणि उरलेला आठवडा शाळेत काहीच नाही, यातून फारसं हाती लागत नाही. शाळेतले रोजचे पाच तास नीट गेले तर जास्त पुढे जातं.

प्रमाणपत्र मिळालं की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत नाव घाला. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे आणि मर्यादेत थेरपीचा खर्चही मिळतो.

स्वमग्नता घालवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. स्टेम सेल (मूळपेशी) उपचाराच्या नावाखाली लाखो रुपये मागितले जातात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नसल्याचं स्पष्ट केलं आहे. घरातले दागिने मोडू नका.

पायरी ८: परीक्षा आणि पुढचा वर्ग

लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ या सवलती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मागू नका, शाळेतल्या चाचण्यांपासूनच वापरा. लेखनिकाला उत्तर सांगणं हेही शिकवावं लागतं. दहावीला बोर्डाचा अभ्यासक्रम झेपणार नाही असं दिसत असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयात विषय निवडता येतात. हा विचार आठवीतच करा.

मे महिन्याच्या सुट्टीआधी मुलाला पुढच्या वर्गात नेऊन बसवा. नव्या वर्गाचा, नव्या बाईंचा किंवा सरांचा आणि त्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाचा फोटो काढून घरी द्या, म्हणजे सुट्टीभर बघता येईल. कार्डांची पट्टी, 'झालं'ची पिशवी आणि नोंदवही नव्या शिक्षकांच्या हातात द्या, कपाटात ठेवू नका. वेळापत्रक कसं वापरायचं ते त्यांना मुलासमोर एकदा करून दाखवा. तेव्हाही गप्प राहूनच.